नाव ठेवणे

गेलेल्या माणसाला नावे ठेवू नयेत, असे आपल्याकडे म्हणतात. हा संकेत बहुतेक घरी पाळलाही जातो. हयातभर ज्याच्याशी उभा दावा मांडला, त्याच्याविषयीही तेराव्याच्या पंगतीत चार बरे शब्दच निघतात. पण नाव ठेवण्याचा आणखी एक अर्थ आपल्या भाषेत आहे. बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते, तेही नाव ठेवणेच. या दुसऱ्या अर्थाने गेलेल्या माणसाला नाव ठेवण्याचा अधिकार कुणाला असतो, हा प्रश्न मात्र मला साठी उलटेपर्यंत कधी पडला नव्हता. तो पडला घरापासून हजारो मैलांवर, एका रोमन गावाच्या उत्खननात, द्राक्षवेलींच्या कडेला उन्हात उभी असताना.

ते गाव म्हणजे पाँपेई. मी तीस वर्षे मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला. पाँपेईवर पाठ्यपुस्तकात फार तर चार ओळी असत. मी त्यांचा एक अख्खा तास करीत असे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस पर्वत जागा झाला, आधी कित्येक तास हलक्या दगडांचा पाऊस पडत राहिला, आणि मग तापलेल्या राखेचे लोट आले, त्यांत सारे गाव गाडले गेले, हे सांगून झाले की मी एक छायाचित्र वर्गात फिरवी. एक मोठे माणूस, त्याच्या मांडीवर लहान मूल. मोठ्या माणसाजवळ सोन्याचे एक जड कडे सापडले होते, म्हणून त्या घरालाच सोन्याच्या कड्याचे घर म्हणतात. "मुलींनो," मी म्हणे, "आभाळ कोसळलं, पण आईनं मूल सोडलं नाही." वर्ग चिडीचूप होई. मागच्या बाकावरची एखादी मुलगी पदराने डोळे टिपी. मला वाटे, इतिहास शिकवावा तर असा.

माझी मुलगी नोकरीच्या निमित्ताने इटलीत असते. दिवाळीला मी तिच्याकडे गेले होते. लक्ष्मीपूजन झाले, मी नेलेल्या चकल्यांचा प्रवासात झालेला चुरा चमच्याने खाऊन संपला, आणि मग दोन-तीन दिवस काढून आम्ही दोघी नेपल्सला गेलो. तिथून एक साधी गावगाडी पाँपेईला जाते. ज्या स्थानकावर उतरायचे, त्याच्या नावातच 'स्कावी' म्हणजे खोदकाम हा शब्द आहे. दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या गावाला रेल्वेचे तिकीट काढून जाता येते, याचेच मला आधी नवल वाटले.

समुद्राच्या वेशीने आत शिरले आणि पुढचे दोन तास मी लहान मुलीसारखी हिंडले. काळ्या दगडी फरशांचे रस्ते, त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. पावसाळ्यात आपण अंगणात विटा टाकून पलीकडे जातो, तसे रस्ता ओलांडायला मध्येच ठेवलेले उंच दगड. कोपऱ्याकोपऱ्यावर खाणावळी, त्यांच्या ओट्यांत तोंडापर्यंत बसवलेले रांजण. भट्टीशेजारी दगडी जाती. आठ फोडी आखलेला तिथला गोल पाव नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे. जळून कोळसा झाला, पण आकार जसाच्या तसा. भिंतींवर निवडणुकीच्या घोषणा रंगवल्या होत्या, अमक्याला निवडून द्या, तमक्याला मत द्या. मी मुलीला दर दहा पावलांवर म्हणत होते, "अगं, हे तर आपल्यासारखंच की!"

ती हसून म्हणाली, "आई, इथं येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. जपानी माणूसही म्हणतो."

त्या हसण्यात मला किंचित टोचले, पण मी ते मनावर घेतले नाही.

या गावाला नावे ठेवण्याचा उद्योग फार जुना आहे. १७४८ साली नेपल्सच्या राजाने इथे खोदायला सुरुवात केली, तेव्हा खोदणाऱ्यांना हे पाँपेई आहे हेच ठाऊक नव्हते. ते त्याला जवळचेच स्ताबिए नावाचे गाव समजत होते. पंधरा वर्षांनी, १७६३ मध्ये, एका शिलालेखावर पाँपेईकरांचा उल्लेख सापडला, तेव्हा गावाला त्याचे नाव परत मिळाले. राजाला इतिहासापेक्षा राजवाड्याची सजावट महत्त्वाची होती. भिंतींवरची चित्रे कापून नेली गेली. पुढे गेल्या शतकाच्याही मागे, १८६३ मध्ये, जुझेप्पे फियोरेल्ली या विद्वानाकडे काम आले आणि खोदण्याला शिस्त लागली. त्याने गावाचे नऊ भाग पाडले, वस्त्यांना आणि दारांना क्रमांक दिले. पण क्रमांकाने कुणाचे समाधान होते? लोकांनी घरांना नावे ठेवलीच. एका घरात शस्त्रक्रियेची हत्यारे सापडली, ते शल्यवैद्याचे घर. एका घरात नाटकाची चित्रे सापडली, ते शोकनाट्याच्या कवीचे घर. तो कवी तिथे कधी राहत होता म्हणून नव्हे. आपल्याला तिथे कुणीतरी राहायला हवे होते म्हणून.

इतकेच काय, गाव बुडाल्याची तिथीही आपणच सांगत आलो. धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रांच्या पुढे ज्या नकला झाल्या, त्यांवरून २४ ऑगस्ट ही तारीख रूढ झाली होती. मीही फळ्यावर तीच लिहीत असे. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली एक ओळ सापडली. तिच्यात १७ ऑक्टोबरशी जुळणारी रोमन तारीख आहे. कोळशाचे अक्षर हाताच्या घासण्यानेही पुसते. ते फार जुने असणार नाही. त्यावरून आता पुष्कळ अभ्यासक मानतात की तो दिवस उन्हाळ्यातला नव्हे, शरदातला होता. म्हणजे जवळजवळ आपल्या दिवाळीच्या सुमाराचा. मी तिथे उभी होते ते ऊन आणि ती हवा त्या लोकांच्या शेवटच्या दिवसांतलीच असावी, या विचाराने मला क्षणभर चालवेना.

दुसऱ्यांना हसावे, तर मीही मागे नव्हते. आदल्याच दिवशी आम्ही नेपल्सचे वस्तुसंग्रहालय पाहिले होते. तिथल्या एका दालनात, जिथे पूर्वी बायकांना आणि मुलांना प्रवेश नसे, एक हस्तिदंती मूर्ती आहे. उंचीने वीतभराहून जरा मोठी. अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन चिमुकल्या दासी. १९३८ मध्ये आमेदेओ मायुरी यांच्या देखरेखीखाली पाँपेईच्या एका घरात ती सापडली. मूर्ती भारतातली आहे. तिच्या पायाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे. मायुरींनी तिला लक्ष्मी म्हटले, आणि तेव्हापासून ती पाँपेईची लक्ष्मी म्हणून जगभर ओळखली जाते. दोनच दिवसांपूर्वी मी मुलीच्या घरी लक्ष्मीची पूजा केली होती. परक्या मुलखात माहेरचे माणूस भेटावे तसे मला झाले. माझे हात आपसूक जोडले गेले. पहारेकरी बाई माझ्याकडे पाहून गोड हसली.

मग मुलीने मला बाकीचे सांगितले. या मूर्तीच्या बहिणी शोभतील अशा हस्तिदंती आकृती आपल्याच मराठवाड्यात, भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत. त्या काळी ही दोन्ही व्यापाराची गावे होती. इथला माल पश्चिमेच्या बंदरांतून रोमपर्यंत जाई. थोरल्या प्लिनीने आपल्या ग्रंथात तक्रारच केली आहे की हिंदुस्थान दर वर्षी रोमन साम्राज्यातून निदान पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. हाच थोरला प्लिनी आरमाराचा अधिकारी होता, आणि ७९ च्या त्या संकटात लोकांना वाचवायला जहाजे घेऊन निघाला तो स्ताबिएच्या किनाऱ्यावर मरण पावला. पण ही मूर्ती लक्ष्मीची आहे का? आज पुष्कळ अभ्यासक तसे म्हणत नाहीत. ती यक्षी असावी. तिच्या अंगात वरून भोक पाडलेले आहे. ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असू शकेल. म्हणजे मी कदाचित आरशाच्या मुठीला नमस्कार केला होता. आम्ही दोघी त्यावर खूप हसलो.

दुसऱ्या दिवशी पाँपेईत हसू मावळले.

गावाच्या दक्षिण टोकाला, नुचेरिया वेशीजवळ, एक द्राक्षमळा आहे. त्याला 'पळून जाणाऱ्यांचा बाग' म्हणतात. त्या बागेच्या भिंतीपाशी काचेच्या आड तेरा माणसे पडली आहेत. माणसे म्हणजे त्यांचे प्लास्टरचे ठसे. राखेत गाडलेले देह काळाने विरून गेले, पण भोवतीची राख घट्ट झाल्यामुळे त्यांच्या आकाराच्या पोकळ्या तशाच राहिल्या. अशा पोकळीत पातळ प्लास्टर ओतून, ते सुकल्यावर बाहेरची राख काढून टाकायची, ही युक्ती फियोरेल्लीने १८६३ मध्ये योजली. तेव्हापासून असे शंभरेक ठसे घेतले गेले. आत हाडे तशीच असतात. तेव्हा ते पुतळे आहेत असेही म्हणवत नाही आणि देह आहेत असेही म्हणवत नाही. कपड्यांच्या चुण्या दिसतात. एक जण हाताच्या कोपरावर उठू पाहतो आहे. लहान मुले आहेत.

काचेशी एक तरुण जोडपे पाठ करून उभे होते आणि मोबाइलवर आपला फोटो घेत होते, हसत. माझ्यातली मास्तरीण जागी झाली. त्यांना काहीतरी बोलावे म्हणून मी तोंड उघडले आणि मुलीने माझा हात दाबला. मी वळून तिला म्हणाले, "यांना काही वाटतं का बघ. माझ्या वर्गातल्या मुली नुसता फोटो बघून रडायच्या. त्या आईचा, कडं सापडलं तिचा."

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, ती आई नव्हती."

२०२४ च्या नोव्हेंबरात एक संशोधन प्रसिद्ध झाले होते. चौदा ठशांतल्या हाडांचे तुकडे तपासले गेले. त्यांतल्या काहींमधून आनुवंशिक माहिती हाती लागली. सोन्याच्या कड्याच्या घरातले ते मोठे माणूस पुरुष होते. मांडीवरच्या मुलाशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते. दुसऱ्या एका घरात दोघे जण एकमेकांना बिलगलेले सापडले होते; त्यांना कुणी बहिणी म्हणत, कुणी मायलेकी. त्यांतलाही निदान एक जण पुरुष निघाला.

मला आधी फसवल्यासारखे वाटले. नंतर लाज वाटली. कारण फसवले कुणी असेल तर मीच, तेही तीस वर्षे. पण मनाची खोड अशी की ते रिकामे बसत नाही. पाच मिनिटांत माझे मन सावरले आणि मी म्हणाले, "मग तर तो जास्तच मोठा! परक्याचं पोर मांडीवर घेऊन मेला."

"पुन्हा तेच," मुलगी म्हणाली. "आधी तू त्याला आई म्हणालीस, आता साधू म्हणतेस. त्यानं मूल मांडीवर घेतलं होतं की ते लोटाबरोबर तिथं येऊन पडलं, हे तुला कुणी सांगितलं?"

मी उत्तर दिले नाही. मला अक्काची आठवण झाली होती.

अक्का आमच्या सातारकडच्या वाड्यात असे. माझी आजी अण्णांना जन्म देऊन दहा दिवसांत गेली. तान्ह्या पोराला सांभाळायला गावातल्या कुणीतरी एक बालविधवा मुलगी आणून दिली. ती घरातच राहिली. अण्णा तिच्या मांडीवर वाढले, पुढे आम्ही तिघे भावंडेही. माजघरात एक जुना फोटो होता. डोक्यावरून पदर घेतलेली अक्का जमिनीवर बसली आहे आणि तिच्या मांडीवर दीड वर्षाचे अण्णा. आल्यागेल्याने तो फोटो पाहावा आणि म्हणावे, "ही तुमची आजी ना? अण्णांचं नाक अगदी आईवर गेलंय हो." अक्का तिथेच चहा देत असायची. ती काही बोलत नसे.

ताईच्या साखरपुड्याला मी सोळा वर्षांची होते. मुलाकडच्या एका बाईंनी मला विचारले, "या कोण?" अक्का माझ्या मागे पेढ्यांचे ताट घेऊन उभी होती. त्या दिवशी समोर सगळी भरजरी लुगडी होती आणि अक्काचे नेसणे जुनेरच होते. मी चटकन म्हणाले, "कुणी नाही. आमच्याकडे असतात."

अक्काने ताट खाली ठेवले आणि ती आत गेली. रात्री नेहमीसारखे तिने माझ्या केसांना तेल लावले. त्या गोष्टीबद्दल ती कधी बोलली नाही. मीही बोलले नाही. बोलायला हवे होते, हे मला कळत होते.

तीन वर्षांनी अक्का गेली. अण्णांनी क्षौर केले, दहा दिवस सुतक पाळले. दहाव्या दिवशी घाटावर काय झाले ते काकांनी घरी येऊन सांगितले. भटजींनी विचारले, "नात्याचा उच्चार काय करायचा?" अण्णा म्हणाले, "आई." भटजी घुटमळले. ते गावातलेच, त्यांना सारे ठाऊक. म्हणाले, "तसा संबंध नाही. गोत्रही ठाऊक नाही. पितृपक्षात आपण धर्मपिंड देतो, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी. त्यात यांना धरता येईल." अण्णा म्हणाले, "तिचं कुणी नाही असं कसं? मी आहे ना." मग भटजींनी वाद घातला नाही. पण मूळ नाव विचारले, तेव्हा अण्णांना सांगता येईना. अक्का हे आम्ही ठेवलेले नाव. पन्नास वर्षे आमच्या घरात राबलेल्या बाईचे माहेरचे नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. कुणी विचारलेच नव्हते.

बागेतून बाहेर पडून आम्ही नुचेरिया वेशीबाहेर एका दगडावर टेकलो. रोमन लोक गावाबाहेर रस्त्याच्या दुतर्फा थडगी बांधीत, म्हणजे जाणारा-येणारा वाचील. तिथे फिलेरोस नावाच्या एका माणसाचे थडगे आहे. हा पूर्वी गुलाम होता, मग मुक्त झाला. त्याने जिवंतपणीच हे थडगे बांधले: स्वतःसाठी, आपल्या पूर्वीच्या मालकिणीसाठी आणि एका मित्रासाठी. तिघांचे पुतळेही बसवले. पुढे मित्राशी बिनसले. तेव्हा त्याने दुसरा लेख कोरून लावला. वाटसरूला तो विनवतो की जरा थांब आणि काय टाळावे ते शिकून जा. ज्याला मी मित्र समजलो, त्याने माझ्यावर खोटे आरोप आणले, देवांच्या कृपेने मी सुटलो, त्या खोटारड्याला देवांनी थारा देऊ नये. मला हा फिलेरोस आवडला. त्याने आपली गोष्ट दुसऱ्याला सांगू दिली नाही. अर्थात त्या मित्राची बाजू दगडावर नाही. तो मित्र त्या फिर्यादीखाली दोन हजार वर्षे मुकाट उभा आहे.

पण थडगे बांधण्याइतके पैसे किती जणांकडे होते? पाँपेईच्या उत्तरेला, वेशीबाहेर, एका मोठ्या बंगल्याच्या आवारात २०२१ मध्ये एक खोली सापडली. खोलीत तीन खाटा, त्यांतली एक लहान मुलाच्या मापाची. कोपऱ्यात रांजण, भिंतीत उंचावर एकच झरोका. गुलामांची खोली. खाटांचे लाकूड आणि दोऱ्या कुजून गेल्या होत्या. माणसांसारखे त्यांचेही ठसे प्लास्टरने घेतले. तिथे निजणाऱ्यांचे नाव नाही, गाव नाही. मालकाच्या हिशेबात ती माणसे म्हणजे 'आमच्याकडे असतात' एवढीच होती. ते वर्णन वाचताना मला माझेच वाक्य ऐकू आले.

त्या दगडावर बसून मी माझ्या वर्गाचा विचार केला. मुलींचे अश्रू खोटे होते का? मला तसे वाटत नाही. कल्पनेशिवाय दुसऱ्याचे दुःख कळत नाही, आणि ओळखीच्या वाटेनेच अनोळखी माणसापर्यंत जाता येते. इतिहासातून ही वाट काढून टाकली तर उरतील तारखा, आणि त्याही चुकीच्या. पण मी स्वतःला एक प्रश्न विचारला. तेच छायाचित्र फिरवून मी म्हटले असते, "मुलींनो, हा कुणी एक पुरुष आहे आणि ते कुणाचे तरी मूल आहे," तर वर्ग चिडीचूप झाला असता का? खरे सांगायचे तर मला खात्री नाही. आपली कणव दारात आलेल्या माणसाला आधी विचारते, "तुम्ही कुणाचे कोण?" समाधानकारक उत्तर मिळाले तरच आत घेते. साखरपुड्याच्या दिवशी त्या बाईंनी हेच विचारले होते. मी दिलेले उत्तर वाईट होते यात शंका नाही. पण प्रश्नही तितकासा निर्दोष नव्हता, हे कळायला मला जन्म गेला. अक्का अण्णांची आई ठरली तर पेढ्यांचे ताट घेऊन उभी राहायला लायक, आणि कुणी नसली तर आत जायला मोकळी, हा त्या प्रश्नातलाच हिशेब होता.

म्हणजे 'कुणी नाही' म्हणून एखाद्याला पुसता येते, तसे 'आई' म्हणूनही पुसता येते. पहिल्यात तिरस्कार असतो, दुसऱ्यात प्रेम असते. पण समोरचे माणूस विचारात घेतले नाही तर दोन्हींत ते स्वतः हरवतेच. मग अण्णांचे चुकले का? इतकी वर्षे मी अण्णांना थोर आणि भटजींना कोत्या मनाचे समजत आले होते. आता मला भटजींचेही म्हणणे आठवू लागले. धर्मपिंडात नाव नाही, गोत्र नाही, नाते नाही. तू जो कुणी असशील त्या तुला हे, एवढेच त्यात आहे. कुणाचे कोण हे न विचारता देण्याची एक जागा आपल्या जुन्या लोकांनी राखून ठेवली होती. काचेआडच्या त्या तेरा जणांना देण्यासारखे माझ्याजवळ काही असेल, तर ते तेच.

तरी अण्णा चुकले असे मी म्हणणार नाही. फरक एवढाच की अण्णा काचेबाहेरून पाहत नव्हते. मांडीवरचे मूल तेच होते. ज्याला मांडीवर घेतले, त्याला नाव ठेवण्याचा अधिकार आहे. तो त्याने अंगाखांद्यावर वाढून मिळवलेला असतो. फोटो पाहून नाक कुणावर गेले हे सांगणाऱ्याला तो नाही, आणि वर्गात छायाचित्र फिरवणाऱ्या मास्तरणीलाही नाही. सोन्याच्या कड्याच्या घरातले मूल वाचते, तर त्या माणसाला काय म्हणायचे हे त्याने आपल्याला सांगितले असते. ते वाचले नाही. मग ती जागा रिकामी ठेवायची.

जागा रिकामी ठेवणे सोपे नाही. पण त्या गावात ते थोडेफार घडते आहे. पाँपेई सुमारे सहासष्ट हेक्टरांचे गाव. त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा अजून मातीखाली आहे, आणि तो बराचसा जाणूनबुजून तसा ठेवला आहे. जे उघडले ते झिजते. रंग उडतात, भिंती ढासळतात. १९४३ च्या युद्धात तर उघड्या पडलेल्या गावावर बॉम्बही पडले, आणि २०१० मध्ये एक अख्खी वास्तू कोसळली. शिवाय उत्खनन म्हणजे पाटी पुसत पुसत वाचणे. एकदा उकरलेला थर पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. राजाच्या माणसांनी चित्रे कापून नेली, तेव्हा राख कशी पडली होती हे वाचण्याची संधी कायमची गेली. फियोरेल्लीला पोकळ्यांतली हाडे बोलतील हे ठाऊक नव्हते. उद्याच्या माणसांना आणखी काय वाचता येईल, हे आपल्याला ठाऊक नाही. म्हणून त्यांच्यासाठी काही राखून ठेवायचे. हाताशी असलेले न घेणे, ठाऊक नसलेले न बोलणे, यालाही एक धर्म म्हणतात. परत फिरताना आम्ही त्या न खोदलेल्या भागाच्या कडेने गेलो. वर नुसते गवत होते. सकाळपासून पाहिलेल्या सगळ्या गावात मला तिथे सर्वांत शांत वाटले.

यंदा दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत भावाच्या घरी तो जुना फोटो भिंतीवरून उतरवला. काच पुसताना त्याची नात जवळ आली. सहा वर्षांची आहे. तिला सगळेच विचारायचे असते.

"ही कोण गं आजी? ही तुमची आजी?"

भावाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "नाही. ही अक्का. हिच्या मांडीवर आहेत ते तुझे पणजोबा. यांना हिनं वाढवलं, आणि आम्हालाही."

"पण ती आपली कोण?"

"पणजोबा तिला आई म्हणायचे."

"आणि तिचं खरं नाव?"

"ते आम्ही तिला विचारलं नाही," मी म्हणाले. "विचारायला हवं होतं."

तिने फोटोकडे नीट पाहिले, आणि काच पुसायचे फडके माझ्या हातातून घेतले.